हातचा

तक्त्यातल्या आमच्या ओळीला
सगळ्यात गडद तपकिरी रंग मीच भरला,
मंगळवारी, दुपारच्या सुपाआधी.
देश, इमारती, आणि चौरस मीटरमागे
वर्षाला किती किलो वर गेले.
नॉर्वे जवळजवळ पांढरा.
चाडही पांढरा.
दोघांना एकच रंग देताना
माऊसवरचं बोट जरा थबकलं.

ट्रोम्सोला माझी बहीण राहते.
बोग्नाच्या घरी खिडकी-खिडकीत दिवा,
न्हाणीघराची फरशीसुद्धा कोमट.
बाहेर उणे बारा, आणि ही
खिडकी किलकिली करून माशाचा वास घालवते.
"डोंगरावरून पाणी पडतं, त्याची वीज," म्हणते,
"मी कशाला ओशाळू?"
खरं आहे तिचं. तक्ताही तेच म्हणतो.

चाडहून अश्ताचे आकडे उशिरा आले.
खाली लिहिलं होतं:
विलंबाबद्दल क्षमस्व. आमचा आकडा एवढा लहान का,
ते या विलंबावरूनच कळावं.
चार दिवस वीज नव्हती.
रात्री आम्ही चटया अंगणात ओढतो.

चटयांसाठी रकाना नव्हता.
मी तळटीप टाकली. वरिष्ठांनी ती काढली.

शनिवारी बिटोमला, बाबांकडे.
एकतीस वर्षं जमिनीखाली काढलेला माणूस,
पेन्शनीसोबत कोळसा मिळतो, वर्षाला तीन टन.
तीन खोल्यांतली एकच तापवतात.
आईची खोली ऑक्टोबरातच बंद,
दाराखाली तिचाच जुना कोट सारलेला.
जेवतात टोपी घालून.
अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात;
बाबा तर पाय पोटाशी घेऊनच झोपतात.
दारामागे खडूने बादल्यांच्या रेघा,
चार उभ्या झाल्या की पाचवी आडवी.

"तुझ्या कागदावर मी कुठल्या रंगाचा?"
सांगितलं.
हसले. मग बराच वेळ खोकले.
मग खडू माझ्या हातात दिला:
"देशाचं राहू दे. माझ्या एकट्याचं कर."

तीन टन आत आला.
मी गुणाकार केला. पुन्हा केला.
सात टन बाहेर गेला.

"ताळा करून बघ, हाल्श्का.
तीन आले आणि सात गेले?
आयुष्यभर वॅगनी मोजल्या मी.
असा हिशेब दिला असता,
तर मुकादमाने त्याच दिवशी वर पाठवलं असतं."

"कोळसा एकटा जळत नाही, बाबा.
जाताना हवा सोबत घेऊन जातो.
त्याच्या एका कणाला हवेतले दोन चिकटतात.
वरचं वजन हवेचं."

"कुणाच्या हवेचं?"

हे मात्र मला कुणी शिकवलं नव्हतं.
खोलीतल्या, म्हणावं तर
खोलीत ती आली कोटाच्या फटीतून,
जिन्यातून, शेजारच्या झालेवस्कीबाईंच्या वाळत घातलेल्या चादरींमधून,
आणि त्याआधी कुठून, कोण सांगणार.
वाऱ्याला ओळी नसतात, रंग नसतात.
एखादा घोट त्या किलकिल्या खिडकीतून निघालेला,
एखादा त्या चटयांवरून.

बाबांनी टोपी काढली, डोकं खाजवलं.
"म्हणजे हातचा," म्हणाले.
"इतकी वर्षं मांडत आलो,
आणि हातचा धरायचाच राहिला."

संध्याकाळी उणे नऊ झालं.
त्यांनी बादली ओतलीच. न ओतून काय करतील?
शेगडी आधी कुरकुरली, मग लालसर झाली,
मी खुर्ची जवळ ओढली,
आणि पाठ शेकताना मला बरं वाटलं,
हेही लिहून ठेवते.

मग ते दारामागे गेले.
नवी रेघ ओढली,
आणि तिच्या डोक्यावर,
शाळकरी पोर लिहितं तसा,
बारीक, थोडा वाकडा,
एक आकडा.